कोकणच्या सहलीत आधी रात्रीच्या जेवणाची वेळ ठरवा

पुण्याहून दापोलीकडे आम्ही दरवर्षी जातो, आईला घेऊन. तिला मधुमेह आहे, त्यामुळे ‘सुट्टीत कसलं पथ्य’ आमच्याकडे चालत नाही. ‘घरून डबा न्या’ आणि ‘सॅलड मागवा’ हे सल्ले मात्र मला आता ऐकवत नाहीत. डबा ताम्हिणी घाट उतरेपर्यंत संपतो, आणि चिरलेली काकडी कुठल्या पाण्यात धुतली हे कळत नाही. बाहेर भाजी शिजलेलीच खावी.

सकाळी घावणे-चटणी किंवा आंबोळी-उसळ, पोटभर.

दुपारी माशांची थाळी खुशाल घ्या. तळलेली तुकडी एकच, बाकी मासे कालवणातले. भात किंवा भाकरी, दोन्हींपैकी एक. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा कुळथाची पिठी नाहीतर बिरड्याची उसळ सांगा.

आता संध्याकाळ. सगळं बिघडतं ते इथे. साडेचारला मंडळी समुद्रावर जातात. सूर्यास्त, भेळ, भजी, मुलांचं पाण्यातून बाहेर न येणं, असं करत आठ वाजतात. खोलीवर आल्यावर खानावळीत विचारावं तर उत्तर येतं, ‘किती पानं? आत्ता टाकते.’ घरगुती खानावळीत जेवण सांगितल्यावरच बनतं आणि पान वाढलं जातं दहाला. तोवर भूक अशी खवळलेली असते की हातात येईल ते खाल्लं जातं. मग लगेच झोप, आणि सकाळी छातीत जळजळ.

आमच्याकडे हे जळजळीवर भागलं नाही. एका मुक्कामी जेवण येतंय येतंय म्हणून आईने रात्रीची गोळी घेऊन टाकली. पाऊण तासाने तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मीटरवर साखर 58. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, 15 मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा वर आली. मधुमेहावरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचं जेवण लांबलं की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गोळ्यांच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. आमच्याकडे तेव्हापासून पान समोर आल्याशिवाय रात्रीची गोळी पाकिटातून निघत नाही, आणि साखरेची पुडी आईच्या पिशवीत असते, माझ्या नाही.

यावर उपाय सकाळीच करायचा. नाश्ता होताच सांगून ठेवायचं, ‘काकू, रात्री पावणेआठला चार पानं. एक मासा तव्यावर कमी तेलात, एक पालेभाजी.’ वेळ आणि भाजी, दोन्ही नावानिशी सांगा. ‘काहीही चालेल’ म्हणालात की रात्री बटाटाच येणार, कारण बाजार सकाळीच झालेला असतो. दुपारी एक फोन करून आठवण द्या. त्यात संकोच करू नका. किती माणसं, किती वाजता हे आधी कळलं तर त्यांचीही सोय होते.

दुसरं, समुद्रावर जायच्या आधी खा. चारला काकूंना अंडी उकडायला सांगा. माणशी एक अंडं, मूठभर फुटाणे, एक केळं. अंडं न खाणाऱ्यांनी सकाळी भिजवलेले शेंगदाणे उकडून घ्यावेत. चिवडा आणि बाकरवडी ‘हलकं काहीतरी’ म्हणून नेऊ नका. त्यात तेल आणि मीठ भरपूर, आणि तहान तेवढी वाढते. पोटात काही असलं की भेळेची एक प्लेट तिघांत पुरते. मुलांना ती नाकारायची मुळीच गरज नाही. कोल्ड्रिंकच्या जागी शहाळं.

पावणेसातला किनारा सोडायचा. मुलं कुरकुरतात, तरी सोडायचा.

परतीच्या दिवशी काकूंकडून तांदळाची भाकरी आणि शेंगदाण्याची सुकी चटणी बांधून घ्या. ओल्या नारळाचं काही नको, उन्हात गाडीत ते आंबतं. माणगावला थांबून खा, म्हणजे घाट चढताना भुकेची वखवख नसेल.