पायपेटीच्या वाटेने द्वोर्झाककडे

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी पुण्याच्या भाच्यानं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. खाली एवढंच लिहिलेलं: "आत्या, यात पेटी आहे बघ."

मी सांगलीत पेटी शिकवते. भजनी मंडळाच्या बायका, दहावीनंतर रिकामी झालेली मुलं, एक निवृत्त तलाठी असा माझा वर्ग. पाश्चात्त्य संगीत म्हणजे लिफ्टमध्ये वाजतं ते, अशी माझी समजूत. व्हिडिओ लावला तर दोन व्हायोलिनं, एक चेलो, म्हणजे बसून वाजवायचं मोठं, खर्जातलं व्हायोलिन, आणि चौथा माणूस खरंच पायानं भाता मारत हार्मोनियमवर बसलेला. माझे वडील नाटक कंपनीत पायपेटीच वाजवायचे. ती पेटी अजून आमच्या माजघरात आहे, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली. पुढचं अख्खं वाजणं मी उभ्यानंच ऐकलं.

ते होतं अंतोनिन द्वोर्झाक या चेक संगीतकाराचं 'बॅगातेल', म्हणजे किरकोळ चिजा. ओपस ४७, साल १८७८. ओपस म्हणजे संगीतकाराच्या कामाला लावलेला क्रमांक. (त्याच्या आडनावात र आणि झ एकाच वेळी म्हणायचा असतो. मला अजून जमलेलं नाही.) तेव्हापासून दर महिन्याला त्याचं एक न ऐकलेलं काम मी शोधून काढते. ओळखीतल्या दोघीतिघींनी "कसं शोधतेस गं?" विचारलं, म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट, प्रसिद्ध ते आधी ऐकायचं नाही. द्वोर्झाक म्हटलं की सगळे नवव्या सिंफनीकडे बोट दाखवतात, अमेरिकेत लिहिलेली ती 'न्यू वर्ल्ड'. थोर आहे, वाद नाही. पण पाऊण तास साठ-सत्तर वाद्यं अंगावर आली की नवख्या माणसाला कशाचा हात धरावा कळत नाही. त्यापेक्षा आपल्या घरातली वस्तू त्याच्या घरात कुठे दिसते का, ते बघायचं. मला पेटी सापडली. मुलीला व्हायोलिनच्या शिकवणीला घालणाऱ्या आईनं ओपस १०० ची सोनातिना, म्हणजे व्हायोलिन आणि पियानोचं छोटेखानी काम, घ्यावी. १८९३ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये त्यानं ती आपल्या मुलांसाठी लिहिली, थोरली ओतिली पंधरा वर्षांची आणि अंतोनिन दहाचा, त्यांना वाजवता येईल अशी. भजन म्हणणाऱ्यांनी ओपस ९९ घ्यावं. बायबलमधल्या स्तोत्रांवरची दहा गाणी आहेत, नुसता आवाज आणि पियानो. भाषा चेक, पण आळवणी कळायला भाषा लागत नाही.

आता ऐकायचं कसं, ते बॅगातेलवरच दाखवते. हे काम प्रागमधल्या एका स्नेह्याच्या घरच्या बैठकीसाठी लिहिलेलं. त्या घरी पियानो नव्हता, हार्मोनियम होतं, म्हणून हार्मोनियम. कारण एवढं साधं आहे. पाच तुकडे मिळून वीसेक मिनिटं. पहिल्या दिवशी फक्त पहिला तुकडा लावायचा, तीनदा. पहिल्या खेपेला काही करायचं नाही. दुसऱ्या खेपेला वरची दोन व्हायोलिनं सोडून फक्त पेटीवर कान ठेवायचा. आपली पेटी गवयाच्या मागे सावलीसारखी चालते, तो जाईल तिथे जाते. ही तशी जात नाही. दोन्ही हात मोकळे असल्यामुळे ती एकावेळी तीन-चार पट्ट्या दाबून धरते आणि खाली नुसती जमीन अंथरते. वर व्हायोलिनं नाचतात. तिसऱ्या खेपेला पेटी काढून सूर लावायचा: पांढरी पाच, गंधार कोमल. चाल बोटांत आली की ती एका चेक लोकगीतावरून आली आहे हे कुणी सांगायला लागत नाही, अंगणातली चाल लपत नाही. तिसऱ्या तुकड्यात ती पुन्हा भेटते, तेव्हा ओळखीचं माणूस बाजारात दिसावं तसं होतं. मी तर स्वयंपाकघरात "अगं बाई!" म्हणाले होते.

चौथा तुकडा रात्रीसाठी ठेवा. त्यात व्हायोलिन एक ओळ म्हणतं आणि चेलो मागून तीच ओळ म्हणत येतो, पहिलीची संपायच्या आत. याला कॅनन म्हणतात. माझ्या वर्गातल्या मुली तानपलटे म्हणताना एकमेकींच्या मागे पडतात, त्याला मी चूक म्हणते. इथे त्याचंच संगीत केलंय.

एक सावधगिरी. काही ध्वनिमुद्रणांत हार्मोनियमच्या जागी पियानो असतो. लावण्याआधी वाद्यांची नावं वाचा. पियानोचा सूर लागतो आणि विरून जातो, त्यामुळे ती खालची जमीनच नाहीशी होते.

एक काम आवडलं की पुढचं शोधायला कुणाला विचारावं लागत नाही. शेजारचं दार वाजवायचं. ४७ आवडलं ना, मग ४६ आणि ४८ बघा. ४६ म्हणजे स्लाव्होनिक नृत्यं, ज्यांनी द्वोर्झाकला युरोपभर नाव मिळवून दिलं. ४८ म्हणजे दोन व्हायोलिनं, दोन व्हिओला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य), दोन चेलो अशा सहा जणांचं काम. तिन्ही १८७८ च्याच वसंतातली. आदल्या वर्षी या माणसाची दोन मुलं काही आठवड्यांच्या अंतरानं गेली होती, त्याआधी १८७५ मध्ये एक मुलगी. हे वाचल्यावर मी बॅगातेल परत लावलं. दुःख कुठे सापडतंय का बघत होते. मला सापडलं नाही, चाल तशीच नाचत होती.

शेजारदाराची दुसरी तऱ्हा म्हणजे प्रसिद्ध तुकड्याची भावंडं. ओपस १०१ मधली सातवी 'ह्युमोरेस्क', म्हणजे पियानोवरची एक छोटी चीज, तुम्ही ऐकलेली आहे, नाव माहीत नसलं तरी चाल कानावरून गेलेली असणारच. ती आठांतली एक. उरलेल्या सात कोण ऐकतं? महिनाभर आम्ही सकाळच्या चहाबरोबर त्याच ऐकल्या. अहोंना चौथी आवडते, मला पहिली.

पण ओपसच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. द्वोर्झाकचा बर्लिनचा प्रकाशक जुनी कामं मोठे आकडे लावून नव्यासारखी बाजारात आणायचा. पाचवी सिंफनी १८७५ ची, तिच्यावर शिक्का ओपस ७६ चा, आणि तिच्या अलीकडचं ७४ मात्र १८८७ चं! नातू आजोबांच्या आधी जन्मल्यासारखा हिशेब. यावर उपाय आहे. कामाच्या नावापुढे 'बी' अक्षर आणि आकडा दिसतो, तो बुर्गहाउझर या अभ्यासकाच्या सूचीतला, आणि ती सूची लिहिल्याच्या क्रमानं लावलेली आहे. बॅगातेल बी ७९, पाचवी सिंफनी बी ५४. शेजारी शोधायचा तो या आकड्यानं.

त्या ७४ ची गोष्ट सांगायलाच हवी. द्वोर्झाक राहायचा त्याच घरात रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी भाड्यानं राहायचा आणि व्हायोलिन शिकायचा. तो, त्याचे गुरुजी आणि व्हिओलावर स्वतः द्वोर्झाक, अशा तिघांसाठी त्यानं 'तेरत्सेत्तो' लिहिलं. पोराला ते झेपेना. मग त्यानं त्याच तिघांसाठी सोपं असं दुसरं लिहून दिलं. जगभर नाव झालेला माणूस भाडेकरूसाठी धडा सोपा करतोय! मी माझ्या तलाठीकाकांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "मग आमचा भूपसुद्धा जरा सोपा करा की."

माझी एक फजिती. भाच्यानं सांगितलं, "आत्या, ए मेजरमधलं पियानो क्विंटेट ऐक, त्याचं सगळ्यात गाजलेलं." पियानो क्विंटेट म्हणजे पियानो आणि चार तंतुवाद्यं अशा पाच जणांचं काम, आणि ए मेजर म्हणजे त्याचा सूर. मी शोधलं, ऐकलं, महिनाभर ऐकलं, वहीत दोन पानं लिहिली आणि त्याला फोनवर वाचूनही दाखवली. तो गप्पच. मग म्हणाला, "आत्या, तू भलतंच ऐकलंयस." द्वोर्झाकची ए मेजरमधली पियानो क्विंटेट दोन आहेत. गाजलेलं ते ओपस ८१, १८८७ चं. मी ऐकलेलं ओपस ५, १८७२ चं, जे त्याला स्वतःलाच पसंत नव्हतं. स्वतःजवळची प्रत त्यानं ठेवली नाही, मग पंधरा वर्षांनी एका मित्राकडून मागवून घेतली, दुरुस्त करायला बसला, आणि शेवटी त्याच सुरात नवंच लिहून काढलं. तेव्हा आकडा नीट बघा हे खरं, पण चुकलात तर फार वाईट वाटून घेऊ नका. दोन्ही ऐकल्यावर ८१ मला जास्त कळलं, ते पाचमुळेच.

वही मात्र ठेवाच. माझ्या वहीत तीनच रकाने आहेत: आकडा, ऐकण्याची जागा, आणि गुणगुणता आलेली एक ओळ सरगममध्ये. सरगम अर्धीमुर्धी चालते. मत लिहायचं नाही. पहिल्या आठवड्यातली माझी मतं नंतर वाचवत नाहीत.

स्वरलिपी हवी असेल तर पैसे घालवू नका. द्वोर्झाक १९०४ मध्ये गेला, त्याच्या हयातीत छापलेली पुस्तकं आयएमएसएलपी या स्वरलिप्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मला पाच रेघांची लिपी लहान मुलासारखी, बोट ठेवून वाचता येते. तरी गेल्या दिवाळीत बॅगातेलच्या पेटीची पानं छापून आणली, वर्तमानपत्रांचे गठ्ठे हलवले आणि वडिलांची पायपेटी उघडली. भाता फुसफुसला, पण चालला. पहिली ओळ काढायला घेतली तर काळी पाच मुकी. नेमका कोमल गंधार! मिरजेहून दुरुस्तीवाला येऊन रीड काढून घेऊन गेलाय, "पुढच्या गुरुवारी" म्हणालाय. तीन गुरुवार झाले. तोवर दुसरा तुकडा बसवतेय, त्यात गंधार शुद्ध आहे.