जुन्या स्लॅबवरचे लहान नंबर: या चुका टाळा

इंदूरमध्ये होळकरी रुपया हातात घेऊन पारखणारी माणसं आहेत. छाप, झीज, किनार, सगळं बघतात. तीच माणसं अमेरिकन ग्रेडिंगचा जुना प्लॅस्टिक स्लॅब, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवून ते ज्यात सीलबंद करतात तो होल्डर, समोर आला की फक्त लेबलावरचा नंबर वाचतात. नंबर लहान म्हणजे माल दुर्मीळ, असं धरून पैसे मोजतात. या घाईचा मला खरंच राग येतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती एनजीसीच्या स्लॅबमध्ये. ही ग्रेडिंग कंपनी १९८७ची. तिच्या लेबलावर एक लांब नंबर, मग आडवी रेघ आणि शेवटी तीन आकडे असतात. ते ००१ दिसले की विकणारा म्हणतो, "बघा, पहिलंच नाणं!" पण रेघेआधीचा नंबर असतो पाठवलेल्या मालाच्या पावतीचा, आणि रेघेनंतरचा त्या पावतीतला क्रम. कुणीही पाच नाणी पाठवली तरी एकावर ००१ येणारच, अगदी काल ग्रेड झालेल्या मालातही. जुनेपणा बघायचा तर रेघेच्या डावीकडे बघा. मग होल्डरची घडण त्या काळाशी जुळते का ते तपासा. एनजीसीच्या अगदी पहिल्या होल्डरचा आतला भाग काळा होता, पांढरा नंतर आला. नुसतं ००१ दाखवून कोणी जास्त मागितले तर मी भावच विचारत नाही.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती दुरुस्त होत नाही. पीसीजीएस या दुसऱ्या कंपनीने १९८६च्या फेब्रुवारीत ग्रेडिंग सुरू केलं. त्या पहिल्या होल्डरमध्ये नाणं सैल बसे, हलवलं की वाजे. अमेरिकेत त्यांना रॅटलर म्हणतात आणि शोधून शोधून घेतात. रामबागेतल्या एका ओळखीच्या काकांना असा एक मिळाला, लहान नंबरचा. आत १८८१चा सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचा मॉर्गन डॉलर. हे नाणं चांगल्या अवस्थेत भरपूर मिळतं, म्हणजे खरी किंमत होल्डरची. काकांचा फोन आला, "अरे, आत खडखडतंय. फुटलाय वाटतं."

"काका, हात लावू नका, संध्याकाळी येतो."

संध्याकाळपर्यंत पुतण्याने करवतीने जोड कापला होता. सराफ्यातून कुणाकडून तरी नाणं रसायनात बुडवून चकचकीतही करून आणलं होतं. इतक्या वर्षांत चांदीवर चढलेला रंग गेला आणि होल्डरचे दोन तुकडे टेबलावर पडले होते. काका म्हणाले, "नंबराची चिठ्ठी जपून ठेवलीय." होल्डरबाहेरच्या चिठ्ठीला कोण विचारतो?

मी स्लॅब कानाशी धरून हळूच कलता करतो. वाजला तर बरं वाटतं. मग दहापट भिंगाखाली चारही बाजूंचे जोड बघतो. कुठे उचकटल्याची पांढरी रेघ असली तर परत. याला वेळ लागतो, पण ज्याला तेवढाही धीर नाही त्याने हा छंद करू नये.

कंपनीच्या संकेतस्थळावर नंबर सापडला म्हणजे स्लॅब खरा, असं नाही. नकली स्लॅब बनवणारे खरेच नंबर उचलतात. जुन्या नोंदींना बऱ्याचदा फोटोही नसतो. म्हणून दोन्ही बाजूंचे आणि जोडांचे फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर विषय संपला.

एएनएसीएस या आणखी एका अमेरिकन ग्रेडिंग सेवेची १९७९पासूनची फोटोवाली ग्रेडिंग सर्टिफिकेटं वेगळी. ती स्लॅब नव्हेत, त्या भावात घेऊ नका.

ओरखडे घालवायला टूथपेस्ट घासू नका. स्लॅबांची चळत रबरबँडने बांधू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते, आणि हे होल्डर हवाबंद नसतात.