घरची स्मूदी: या चुका टाळा

सकाळी उपाशीपोटी दुधी भोपळ्याची स्मूदी पिणारे आता घरोघरी आढळतात, परंतु दुधी कापल्यावर त्याची फोड आधी चाखून पाहणारे फारच थोडे दिसतात आणि माझ्या मते सर्वांत गंभीर चूक हीच आहे. दुधी, काकडी यांसारख्या वेलीवरच्या भाज्यांमध्ये कुकुरबिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्ये कधी कधी जास्त प्रमाणात तयार होतात आणि अशी भाजी वरून पाहून मुळीच ओळखता येत नाही. कारले कडूच असते; दुधी मात्र कडू असता कामा नये.

आमच्या सोसायटीतील एका काकांना दुधी, पुदिना आणि सफरचंद यांची स्मूदी कडू लागली. ती ओतून द्यायची सोडून, जितके कडू तितके गुणकारी या समजुतीने त्यांनी वरून मध घातला आणि ग्लास संपवला. थोड्याच वेळात उलट्या आणि जुलाब सुरू झाले, रक्तदाब उतरला आणि त्यांना रुग्णालयात नेऊन सलाइन लावावे लागले. त्यांच्या ओट्यावर उरलेला अर्धा दुधी हिरवागार आणि कोवळा होता. त्याची नखाएवढी फोड मी जिभेला लावली आणि तत्काळ थुंकून चूळ भरली. कापतानाच कोणी तेवढे केले असते, तर पुढचे सारे टळले असते.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीचा रस अजिबात पिऊ नये, रस काढण्यापूर्वी तुकडा चाखावा आणि प्यायल्यावर त्रास झाल्यास त्वरित रुग्णालयात जावे, असा सल्ला दिलेला आहे. मी देठाकडची आणि टोकाकडची अशा दोन्ही फोडी चाखते आणि एक जरी कडू लागली, तरी अख्खा दुधी टाकून देते. मधाने कडूपणा झाकला जातो, विष तसेच राहते.

दुसरी चूक पपई आणि दुधाची. रात्रीच स्मूदी करून फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी ती कडू झाली म्हणून दूधवाल्याला दोष द्यायचा, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. पपईतील पपेन हे विकर (एन्झाइम) दुधातील प्रथिनांचे तुकडे करते आणि त्यांतील काही तुकडे कडू असतात. कच्चट पपईत पपेन जास्त असल्यामुळे तिने हा घोटाळा अधिक होतो. न शिजवलेला अननस आणि किवी यांतही अशीच विकरे असतात. अननस दुधात किंवा दह्यात घालायचाच असेल, तर मी तो थोड्या साखरेबरोबर चांगली उकळी येईपर्यंत शिजवते आणि पूर्ण थंड करते, कारण उष्णतेने हे विकर निकामी होते. पपईला मी दूध लावतच नाही; संत्र्याचा रस पुरेसा होतो.

मिक्सरच्या बाबतीत घाई नडते. गोठलेली केळी आणि बर्फ तळाशी कोंबून वर चमचाभर दूध घातले, तर पाते अडकते, मोटर तापते आणि ती जळू नये म्हणून बुडाशी दिलेले लाल बटण उडून मिक्सर बंद पडतो. मग मिक्सरच टाकाऊ ठरवला जातो. आधी द्रव, मग मऊ फळे, शेवटी गोठलेले तुकडे, असा क्रम ठेवावा आणि जार दोन तृतीयांशच भरावे. गोठलेले फळ दहा मिनिटे बाहेर ठेवण्याइतका धीर नसेल, तर ताजे फळ वापरावे.

वाफवलेले बीट गरम असताना झाकण लावून फिरवू नये. वाफेच्या दाबाने झाकण उडते. सीताफळाची प्रत्येक बी हाताने काढावी, कारण ती विषारी असते. पेरू वापरल्यास गाळून घ्यावे. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी रोज कच्चा पालक पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पालक आणि बीट एकत्र केल्यास मातकट रंग येतो, चवीचे काही बिघडत नाही. जार लगेच धुवावे आणि झाकणाची रबरी रिंग काढून धुवावी. आंबट वास बहुधा तिथूनच येत असतो.