शहराच्या किनाऱ्याने शिडाच्या बोटीची सफर: परतीचा हिशोब निघण्याआधी

शिडाची बोट भाड्याने घेऊन चार-पाच जणांनी शहराच्या किनाऱ्याने अर्धा दिवस फिरून यायचं, तर सल्ला ठरलेला मिळतो: हवामान चांगलं बघा, लाइफ जॅकेट घाला, सूर्यास्ताची वेळ साधा. लाइफ जॅकेटचं बरोबर आहे. ‘चांगलं हवामान’ मात्र काहीच सांगत नाही. वारा कोणत्या दिशेचा, किती नॉटचा (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर), आणि त्या वेळी पाणी कुठे वाहतंय, हे तीन आकडे नसतील तर आभाळ कितीही निळं असलं तरी उपयोग नाही. आणि सूर्यास्त शहरासमोर पाण्यात राहून पाहण्याचा सल्ला नवख्यांना मुळीच देऊ नये. त्याचं कारण पुढे येईल.

शीड चढवता येतं, टॅक घेता येतो, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला जाता येतं, असं गृहीत धरून पुढचं लिहिलं आहे. बोट कप्तानासकट घेतली असेल तर हेच प्रश्न निघण्याआधी त्याला विचारा. चांगला कप्तान त्यांची उत्तरं आनंदाने देतो.

बोट. आठ-नऊ मीटर लांबीची, कील (तळाखालचं वजनदार पातं) असलेली, चालू इंजिनाची. डिझेल, वायरलेस, नांगर, फेंडर (बोट जेट्टीवर घासू नये म्हणून बाजूला लटकवायचे फुगे) बघून घ्या. बोट लागण्याची गोळी घ्यायची असेल तर निघण्याच्या तासभर आधी; उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

कोणत्या दिशेला आणि किती वाजता

सफर बिघडते ती इथे. लोक जेट्टीवर येतात, वारा ज्या बाजूला वाहतोय तिकडे शीड सोडतात, आणि पहिला तास स्वर्गासारखा जातो. बोट सरळ उभी, पाणी सपाट, कुणाच्या अंगावर थेंब नाही. मग परत फिरायची वेळ येते, आणि तेव्हा कळतं की आलो तो वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या खांद्यावर बसून आलो.

आकडे मांडून बघा. वारा किनाऱ्याला समांतर आहे, बोट पाण्यातून ५ नॉटने चालते, प्रवाह दीड नॉटचा आहे. वारा आणि प्रवाह दोन्ही पाठीशी घेऊन ६ सागरी मैल गेलात तर जमिनीच्या हिशोबाने वेग साडेसहा नॉट, म्हणजे ५५ मिनिटं. परत येताना वारा समोर. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही. ढोबळमानाने ४५ अंशांवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं. त्यामुळे ५ नॉटने धावूनही वाऱ्याच्या दिशेने प्रगती होते साडेतीन नॉटची. त्यातून प्रवाहाचे दीड वजा केले की उरले २ नॉट. तेच ६ मैल आता ३ तास खातात. बोट वाऱ्याखाली थोडी आडवी सरकते आणि प्रत्येक टॅकमध्ये वेग पडतो, तो वेळ यात धरलेला नाही.

हीच सफर उलटी करा. आधी वाऱ्याकडे जायचं, प्रवाह सोबतीला घेऊन: साडेतीन अधिक दीड, ५ नॉट, १ तास १२ मिनिटं. तिथे थोडं रेंगाळा, प्रवाह उलटला की वारा आणि पाणी दोन्ही पाठीशी घेऊन ५५ मिनिटांत घरी. बोट तीच, वारा तोच, अंतर तेच. चार तासांच्या जागी दोन तासांच्या आसपास.

या योजनेला एक काटा आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. प्रवाह तुम्हाला वाऱ्याकडे नेतोय, याचाच अर्थ वारा आणि पाणी एकमेकांवर चालून येताहेत. अशा वेळी लाटा आखूड होतात आणि भिंतीसारख्या उभ्या राहतात. १० नॉटच्या वाऱ्यात ते सुसह्य असतं. वारा १५ नॉटच्या वर असेल तर प्रवाह जोरात असताना तिकडे जाऊ नका. प्रवाह मंदावत आला की निघा, म्हणजे थोडी मदत मिळते आणि लाटाही उठत नाहीत.

प्रवाह कधी जोरात असतो, यासाठी बाराव्या हिश्शाचा नियम पाठ करून ठेवा. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे पाणी साधारण सहा तासांत चढतं: पहिल्या तासात एकूण चढाचा १/१२, दुसऱ्यात २/१२, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी ३/१२, मग पुन्हा २ आणि १. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत हलतं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, तेव्हा हाच प्रवाह भांगाच्या, म्हणजे सगळ्यात कमी भरतीच्या, दिवसांच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे गेल्या आठवड्यात जमलेली वेळ या आठवड्यात जमेलच असं नाही.

आणि सगळ्यात नडणारी चूक: पूर्ण भरतीची वेळ म्हणजेच प्रवाह थांबण्याची वेळ, असं धरून चालणं. भरतीच्या तक्त्यात पाण्याची उंची असते, प्रवाह नसतो. उघड्या किनाऱ्यावर पाणी चढायचं थांबल्यानंतरही प्रवाह तास-दोन तास त्याच दिशेने वाहू शकतो, कुठे तो आधीच उलटतो. नकाशावर किंवा प्रवाहाच्या तक्त्यात तो फरक दिलेला असतो, तो वाचा. पाण्यात गेल्यावर पहिल्या बोयाजवळून, म्हणजे तळाशी बांधलेल्या तरंगत्या खुणेजवळून, जाताना त्याच्याकडे नीट बघा. तो कुठे कललाय, त्याच्या मागे पाण्याची शेपटी कुठल्या बाजूला आहे. तक्ता आणि बोया यांचं जमत नसेल तर बोयावर विश्वास ठेवा.

आता वाऱ्याचा दिवस. उन्हाळी किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तो पडतो, तास-दीड तास काहीच नसतं, मग उशिरा सकाळी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी दोन ते चारच्या सुमारास त्याचा जोर सगळ्यात जास्त, सूर्य कलला की तो मरतो. सकाळी दहाला पाणी आरशासारखं आहे म्हणून दिवसभर तसंच राहील असं समजून मोठं शीड पूर्ण उघडून निघणारे दुपारी अडचणीत येतात. संध्याकाळी शिडावर परत येऊ म्हणणाऱ्यांना शेवटचे दोन मैल इंजिनावर यावे लागतात. दिशाही दिवसभर स्थिर नसते: उत्तर गोलार्धात खारा वारा दुपारभर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत जातो. सकाळी किनाऱ्यावर काटकोनात येणारा वारा चारला बराच तिरपा झालेला असतो. परतीचा कोन त्या वेळच्या वाऱ्यावरून काढायचा.

माझा नियम साधा आहे. हाताशी असलेल्या वेळेचा एक तृतीयांश जायला, दोन तृतीयांश यायला. चार तास असतील तर १ तास २० मिनिटांनी, कुठेही असलात तरी, परत फिरा. समोर कितीही सुंदर वळण दिसत असलं तरी.

रीफ, म्हणजे शीड लहान करणं

वरच्या चुकीतूनच ही दुसरी चूक जन्मते. वारा पाठीशी असताना तो कमी भासतो. खरा वारा १५ नॉट, तुम्ही त्याच्याबरोबर ५ नॉटने पळताय, तर अंगाला लागतो १० नॉट. वळून ४५ अंशांवर वाऱ्याकडे निघालात की तोच १९ नॉटच्या जवळ जातो. शिडावरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वळता क्षणी जवळपास साडेतीन पट. बोट एकदम आडवी होते, पाहुणे किंचाळतात, आणि रीफ घ्यायला सगळ्यात वाईट क्षणी कुणीतरी डोलकाठीकडे धावतं.

म्हणून वाऱ्याकडे वळण्याआधी, बोट शांत असताना रीफ घ्या. पाहुणे बरोबर असतील तर खऱ्या १४-१५ नॉटला पहिला रीफ. सुकाणू सतत ओढून धरावं लागतंय किंवा बोट २० अंशांहून जास्त कलली, तर आधीच उशीर झालेला आहे. उघडं शीड म्हणजे जास्त वेग हा समज चुकीचा आहे. जास्त कललेली बोट आडवी घसरते आणि हळू चालते.

वारा पाठीशी असताना बूमला, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याला, दोर बांधून पुढे ताणून ठेवा. अचानक जाइब झाली, म्हणजे मागचा वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला शिरून शीड पलटलं, तर बूम डोक्याच्या उंचीवरून झाडूसारखा फिरतो. पाहुण्यांना बसायच्या जागा आधीच दाखवा.

शहर वाऱ्याचं काय करतं

मोकळ्या किनाऱ्यावरचे आडाखे शहरासमोर चालत नाहीत. वारा जमिनीकडून असेल तर उंच इमारतींमागे त्याची सावली पडते आणि दोन इमारतींमधल्या फटीतून तो दुपटीने सुटतो. इमारतीच्या उंचीच्या किमान दहापट अंतरापर्यंत वारा गढूळ असतो: १०० मीटरच्या टॉवरसाठी किलोमीटरभर. अशा पट्ट्यात मोठ्या शिडाचा दोर कधीही खुंटीला पक्का बांधून ठेवू नका. तो हातात राहू द्या, झोत आला की सोडता यावा. पाण्यावर पुढे येणारा काळपट ओरखडा दिसला की झोत चार-पाच सेकंदांत पोचला समजा.

वारा समुद्राकडून असेल तर धोका वेगळा. शहराचा किनारा बहुधा उभ्या भिंतीचा असतो. वाळूवर लाट मरते, भिंतीवर ती परत फिरते, येणाऱ्या लाटेला भेटते, आणि दोघींची उंची एकत्र होऊन जागच्या जागी उसळणारं पाणी तयार होतं. तिथे बोट चालत नाही, नाचते. वेग जातो, वेग गेला की सुकाणू निकामी. फोटोसाठी भिंतीजवळ जाण्याचा हट्ट कुणी केला तर नाही म्हणा. अर्धा सागरी मैल अंतर ठेवा, आणि नांगर पेटीत न ठेवता लगेच टाकता येईल असा तयार ठेवा. इंजिन बंद पडलं आणि वारा भिंतीकडे नेत असला तर तोच तुमचा ब्रेक आहे. साखळी खोलीच्या पाचपट सोडायची. दोर जास्त आणि साखळी थोडी असेल तर सातपट. खोलीत नाकाची उंची आणि अजून चढणारं पाणी धरा: पाणी ६ मीटर, चढ ३, नाक १, म्हणजे १० मीटर, म्हणजे साखळी ५० मीटर. केबल आणि सांडपाण्याच्या नळांवर नांगर टाकायची बंदी नकाशावर दाखवलेली असते.

जहाजांचा रस्ता

‘शिडाच्या बोटीला सगळे वाट देतात’ हे अर्धवट ज्ञान आहे. १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अरुंद मार्गातूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या बोटीने अडथळा करायचा नाही. जाळं टाकलेल्या मासेमारी बोटीलाही तुम्हीच वाट द्यायची. इंजिन सुरू केलंत की शीड वर असलं तरी तुम्ही इंजिनाची बोट. जहाजमार्ग काटकोनात, इंजिन तयार ठेवून, जहाजाच्या मागून ओलांडा. १२ नॉटचं जहाज एक सागरी मैल ५ मिनिटांत संपवतं. त्याच्याकडे होकायंत्रातून दोनदा बघा: कोन बदलत नसेल आणि ते मोठं होत असेल तर टक्कर ठरलेली आहे, आत्ताच वळा. भोंग्याचे पाच आखूड आवाज आले तर ते तुमच्यासाठी आहेत. वायरलेस चॅनेल १६ वर, म्हणजे संकटाच्या आणि हाक मारायच्या चॅनेलवर, चालू राहू द्या.

सूर्यास्ताची गोष्ट इथेच येते. अंधारात शहराचे हजारो दिवे मागे असले की जहाजाचा लाल-हिरवा दिवा त्यात विरघळतो, सिग्नलचा लाल दिवा बोयासारखा दिसतो, आणि दिवा नसलेला बोया किंवा जाळ्याचा तरंगता डबा तर दिसतच नाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी जेट्टीच्या टप्प्यात या. सूर्य तिथून बघा, बोट बांधून.

बोट लावणं

शीड बाहेरच उतरवा, जेट्टीच्या तोंडाशी नाही. फेंडर आणि दोर दोन्ही बाजूंना तयार ठेवा. वारा आणि प्रवाह यांपैकी ज्याचा जोर जास्त, त्याच्याकडे नाक करून या; तोच तुम्हाला थांबवतो. चालण्याच्या वेगाहून हळू. बोटीच्या मधल्या खुंटीवरून मागच्या बाजूला जाणारा दोर आधी बांधा: तो लागला की इंजिन हळू पुढे ठेवून बोट जेट्टीला चिकटून उभी राहते आणि बाकीचे दोर सावकाश बांधता येतात. कुणीही उडी मारायची नाही, पायाने बोट अडवायची नाही. चार टनांची बोट पाय थांबवू शकत नाही.

जेट्टी तरंगती नसेल तर बांधून लगेच जाऊ नका. पाणी अजून किती उतरणार ते तक्त्यात बघा. भरतीला ताठ बांधलेली बोट ओहोटीला खुंट्यांना लटकते आणि खुंटी उपटून निघते. पुढचा-मागचा दोर भरती-ओहोटीच्या फरकाच्या निदान तिप्पट लांब असावा. फरक ३ मीटर असेल तर ९ मीटर, आणि तो लांबच्या खुंट्यांना, तिरपा बांधलेला.