बरगड्या काढल्यावर खोकायचं कसं

मी वाशीच्या मसाला बाजारात हिशेब लिहितो. मिरचीच्या पोत्यांशेजारी बसून न खोकणारा माणूस मी अजून पाहिला नाही. त्यात डाव्या बाजूला कॉन्ड्रोसार्कोमा निघाला, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर, आणि 3 बरगड्या गेल्या.

आत काय बसवणार ते ऑपरेशनआधी डॉक्टरांकडून कागदावर काढून घ्या. मोठी पोकळी तशीच ठेवली तर श्वास घेताना छाती तिथे फुगायच्या ऐवजी आत ओढली जाते. म्हणून जाळीच्या दोन थरांत हाडाचं सिमेंट घालून बसवतात, कुणाला टायटॅनियमच्या पट्ट्या. मला सिमेंट. वरून पाठीचा रुंद स्नायू रक्तवाहिनीसकट फिरवून पुढे आणला. छातीचं ऑपरेशन आणि टाके पाठीवर कसे, असं शेजारी अजून विचारतात.

श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र ऑपरेशनआधीपासूनच सुरू करा. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. मी दोन दिवस फुंकत बसलो होतो!

आता खोकला. दुखतं म्हणून दाबलात तर कफ साठतो आणि न्यूमोनिया व्हायची भीती. दुखण्याची गोळी लागू झाली की पाय जमिनीला टेकून ताठ बसा. जखमेवर उशी घ्या (माझी आईची गोधडी, चार घड्या) आणि दोन्ही हातांनी घट्ट आवळा. सावकाश खोल श्वास घ्या, मग चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसं तोंड उघडून दोन-तीनदा ‘हाऽ’ करा. कफ सुटून वर आला की मगच एकदा खोका.

ऑपरेशननंतर आत साठलेलं पाणी-हवा बाहेर काढायला छातीत नळी ठेवतात. तिची बाटली कायम छातीच्या खाली, संडासला जातानाही. नळीतलं पाणी श्वासाबरोबर हलतं, ते ठीक.

नळ्या काढल्यावर माझ्या पाठीत पाणी साठलं, हात लावला की डुचमळायचं. घरी दाबू नका, ओपीडीत सुईने काढतात. पण ताप, लाली, पू, वाढती धाप किंवा छाती आत ओढली जाणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

घणसोली ते सानपाडा लोकलने जायची परवानगी मिळाली, पण डाव्या हाताने वरची कडी धरायची नाही. गर्दी टाळून अकराची गाडी पकडतो. शेठनी माझं टेबल धण्याच्या बाजूला हलवलंय. धण्यानेही खोकला येतो, पण मिरचीइतका नाही.