घाणेरी उपटली, पुन्हा उगवली? या चुका टाळा

रविवारी टेकडीवर मंडळी जमतात, कोयते निघतात, दुपारपर्यंत घाणेरीचा ढीग लागतो आणि ढिगासमोर फोटो होतात. पुढच्या पावसाळ्यानंतर जाऊन बघावं तर झुडपं पहिल्यापेक्षा दाट. मग कुणी पावसाला बोल लावतं, कुणी वनखात्याला. बहुतेक वेळा चूक कोयत्याची असते.

घाणेरी, म्हणजेच टणटणी, मूळची अमेरिका खंडातली. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तिनं देशातलं दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त जंगल व्यापलंय, म्हणजे निम्म्या महाराष्ट्राएवढं. वाघांच्या अधिवासाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग त्यात येतो. या पसाऱ्यापुढे एका गावाचं श्रमदान किरकोळ वाटेल. पण एखादी देवराई, एखादं गायरान, टेकडीचा एक उतार एवढ्यापुरती ती खरोखर हटवता येते.

वरून छाटणं आणि जाळणं

घाणेरीचे फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथं जुळतात त्या गाठीपासून. वरून कापलं की एका फांदीच्या जागी पाच येतात. जाळलं तरी तेच, कारण जमिनीखालची गाठ शाबूत राहते. आगीत मरतात ती शेजारची गवतं आणि देशी झाडांची रोपं, म्हणजे घाणेरीला आणखी मोकळं रान मिळतं.

दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या गटानं यावर साधा उपाय रुजवला. माती थोडी उकरायची, गाठीच्या खाली, जमिनीत दोन-तीन बोटं आत, मुख्य मूळ कुदळीनं तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून मुळं आकाशाकडे करून ठेवायचं. उलटं ठेवणं महत्त्वाचं आहे. ओल्या मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते. सगळं मूळ खणून काढायची गरज नसते, त्यामुळे जेसीबीचीही नसते. जेसीबी माती उलटीपालटी करतो आणि त्या भुसभुशीत जागेत घाणेरीचंच बी सगळ्यात आधी उगवतं.

काम इथं संपलं असं समजू नका. बुलबुलासारखे पक्षी घाणेरीची काळी फळं खाऊन मोठ्या झाडांवर बसतात आणि बी खाली टाकतात. म्हणून पुढची किमान दोन वर्षं पावसाळ्यानंतर दोनच ठिकाणी बारीक नजर ठेवायची: पक्षी बसतात त्या झाडांखाली आणि पाण्याच्या ओघळीत. तिथली बोटभर रोपं हातानं सहज निघतात. दहा एकर एकदा साफ करण्यापेक्षा एक एकर तीनदा साफ केलेला बरा, असं माझं ठाम मत आहे. अशा कामाचे फोटो मात्र चांगले येत नाहीत.

गाजर गवत: फुलांची वाट बघणं

गाजर गवताची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि तिथून ते देशभर पोहोचलं. अमेरिकेच्या गव्हातून ते आल्याचं सांगतात. कारण काहीही असो, आज ते बांधावर, रस्त्याकडेला, बांधकामाच्या प्लॉटवर सगळीकडे आहे. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलतं आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं. आपली मोहीम मात्र पांढरी फुलं दिसल्यावर निघते. तोवर काही बी पिकलेलं असतं आणि उपटताना आपणच ते झटकत जातो.

पहिल्या पावसानंतर, पानं जमिनीला धरून असतात तेव्हाच मुळासकट उपटा. हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. या गवतानं कातडीला खाज आणि पुरळ येतं, परागानं शिंका आणि दमाही सुरू होतो. एकदा त्रास सुरू झालेल्या माणसानं पुढच्या खेपेला घरी बसावं, त्यात कमीपणा नाही.

फुलापूर्वी उपटलेल्याचं कंपोस्ट चांगलं होतं. फुललेलं गवत खड्ड्यात घातलं तर त्याचं बी शेणखताबरोबर सगळ्या शेतात जातं. टायरला लागलेला चिखल, विकत आणलेली माती, बाहेरगावचा चारा या वाटेनंही बी येतं. मिठाचं पाणी फवारायचा उपाय रस्त्याकडेच्या पडीक जागेपुरता ठीक आहे. शेतात तो करू नका, जमीन खारवेल.

मोकळी झालेली जागा तशीच सोडणं

जवळजवळ प्रत्येक फसलेल्या मोहिमेच्या मुळाशी हे असतं. उघडी माती कुणाची तरी होणारच, आणि पहिला मान चिवट पाहुण्यांचा. घाणेरी काढली तिथं दोन वर्षांत रानमोडी किंवा रान तुळस ही दुसरी परदेशी तणं उभी राहिलेली अनेकांनी पाहिली असतील. म्हणून काढण्याआधी बियाण्याची सोय हवी. मारवेल, पवन्या, डोंगरी गवत या देशी गवतांचं बी आदल्या हिवाळ्यात जवळच्याच माळावरून गोळा करून ठेवा आणि पावसाच्या तोंडावर टाका. तीव्र उतार असेल तर सगळं एकदम काढू नका, माती वाहून जाईल. पट्टे करून काढा, एका पट्ट्यात गवत बसलं की पुढचा.

काय लावायचं यातही गफलत होते. गाजर गवताला हरवायला टाकळ्याच्या जातीतली झुडपं पेरा, असा सल्ला खूप चालला. आपला टाकळा पेरला तर उत्तम. पण त्याच सल्ल्यातून एक अमेरिकी टाकळाही पसरवला गेला आणि आता पुण्याच्या आसपासच्या माळांवर त्याचीच दाटी दिसते. टेकड्यांवर गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही परदेशी झाडं लावून ‘हिरवं’ केल्याची कथा वेगळी नाही. नीलगिरी आणि वायनाडच्या जंगलात पिवळ्या फुलांचा ‘सेना’ (Senna) नावाचा एक परदेशी वृक्ष असाच शोभेसाठी लावला गेला. आता तो हत्तींच्या वाटा अडवतो आणि तोडला की बुंध्यातून धुमारे फोडतो.

वेडी बाभूळ

कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात गुजरातच्या वनखात्यानं १९६१ मध्ये सुमारे ३१,५०० हेक्टरवर वेडी बाभूळ हे परदेशी काटेरी झाड लावलं, रणाचा खार पुढे सरकू नये म्हणून. गुरांनी शेंगा खाल्ल्या आणि शेणातून बी दूरवर नेलं. गुरं पाळून दूध विकणाऱ्या मालधाऱ्यांची कुरणं काट्यांखाली गेली. पुढे त्याच झाडाचा कोळसा पाडण्यावर अनेक कुटुंबं जगू लागली. आता दूधवाल्यांना ते झाड नको आहे आणि कोळसेवाल्यांना हवं आहे.

म्हणून ‘उपयोग करून संपवू’ या वाक्यापासून सावध राहा. कोळशासाठी कापलेल्या बुंध्यातून ती पुन्हा फुटते. कर्नाटकातले सोलिगा आदिवासी घाणेरीपासून फर्निचर आणि मोठमोठे हत्ती बनवतात. त्यातून त्यांना चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण जंगलातली घाणेरी तेवढ्यानं संपेल अशी अपेक्षा त्या हत्तींकडून ठेवू नये. तुमच्याकडे वेडी बाभूळ काढायची असेल तर मूळ खोलातून काढा, आणि ज्या मोसमात शेंगा पिकतात त्या मोसमात तिथं चरलेली गुरं दुसऱ्या कुरणात सोडू नका.

आणि तोडण्याआधी ओळखा. देशी बाभळीला पिवळे गोल गोंडे येतात, शेंग राखाडी, मण्यांची माळ ओवल्यासारखी. वेडीला लांबट तुरे आणि फिकट पिवळी, किंचित वाकडी शेंग. दोन्हींना काटे असतात, त्यामुळे उत्साहात दोन्ही आडव्या होतात. उलट रान तुळस मात्र वासामुळे खरी तुळस वाटून वाचते. तिचा तुळशीबद्दलच्या भक्तीशी काही संबंध नाही, गुरं तिला तोंड लावत नाहीत, ती बेधडक काढा. बाकी, परदेशी म्हणून प्रत्येक झाड शत्रू नाही. मिरची आणि टोमॅटोही अमेरिकेचेच.

जलपर्णी

इथं थोडक्यात. नदीतून काढून काठावर टाकलेली जलपर्णी पहिल्या पुरात परत पात्रात जाते, आणि चिखलातलं बी वर्षानुवर्षं टिकतं. शिवाय तिला खाऊ घालतं ते आपलं सांडपाणी. नाले तसेच सोडून दरवर्षी पोकलेन लावणं म्हणजे ठेकेदाराची सोय.

भुंगे दिसले तर

पावसाळ्यात गाजर गवताच्या पानांवर पिवळसर पाठीवर काळ्या नागमोडी रेघांचे छोटे भुंगे दिसतील. ते मेक्सिकोतून १९८३ मध्ये बंगळुरूला मुद्दाम आणलेले आहेत. प्रौढ आणि अळ्या दोघंही या गवताची पानं खातात. कीड समजून त्यांच्यावर औषध मारू नका. जिथं ते भरपूर आहेत तो तुकडा उपटू नका, त्यांना खाऊ द्या. जिथं नाहीत तिथं थोडे उचलून नेऊन सोडा. उन्हाळ्यात ते जमिनीत दडून बसतात, म्हणून तेव्हा दिसले नाहीत तरी मेले असं धरू नका.