डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर काय करायचं (आणि चुंबकवाल्याला लांब ठेवायचं)

लेथ, ग्राइंडर, छन्नी-हातोडा, यातलं काहीही रोज हातात असेल तर कधी ना कधी डोळ्यात कण जातोच, आणि गेला की शेजारचा कुणीतरी काडेपेटीची काडी नाहीतर रुमालाचं टोक घेऊन "थांब, काढतो" म्हणत येतोच. त्याला लांब ठेवा. "चुंबकाने ओढून काढतो" म्हणणारा चुंबकवाला आला तर त्यालाही. डोळा चोळू नका आणि आधी आठवा, कण उडाला कशातून?

ग्राइंडरचा असेल तर बहुतेक वेळा बुबुळावर वरच रुतलेला असतो. खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. स्वच्छ पाण्याने धुवा, सुटा कचरा त्यातच निघतो. तरी खुपतंय तर "उद्या बघू" नको, कारण लोखंड काही तासांतच गंजायला लागतं आणि कणाभोवती तपकिरी रिंग धरते. डॉक्टर सुन्न करायचे थेंब टाकून स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) सुईच्या टोकाने कण उचलतात. ते सुन्नचे थेंब घरी न्यायला मागू नका, बरं वाटतं पण जखम भरत नाही. बुबुळाच्या बरोबर मधे व्रण राहिला तर नजर कायमची धूसर होऊ शकते.

हातोड्याचं प्रकरण वेगळं. छन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलेलं असतं ना, त्याची कपची इतक्या वेगात उडते की थेट डोळ्याच्या आत शिरते, आणि गंमत म्हणजे कधीकधी फारसं दुखतही नाही, दिसतंही नीट, म्हणून माणूस परत कामाला लागतो. हाच सगळ्यात डेंजर. असा संशय जरी आला तरी पाणी मारू नका, दाबू नका, मलम नको. कागदी कप डोळ्यावर ठेवून कडा हाडावर टेकवा, चिकटपट्टी लावा, काही खाऊ-पिऊ नका (भूल द्यावी लागू शकते) आणि सरळ डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल गाठा. तिथे एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात.

आत राहिलेलं लोखंड हळूहळू पडद्यात भिनतं. मग काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, रात्रीचं कमी दिसायला लागतं, बाजूचं दिसत नाही, मोतीबिंदू होतो, त्या एकाच डोळ्याचा रंगही बदलतो. तांब्याचा कण असेल तर इतकी वाटही बघत नाही, शुद्ध तांब्याने डोळा लगेच लालभडक होऊन सुजतो.

आणि पुढे कधीही एमआरआय सांगितला, मग तो गुडघ्याचा का असेना, डोळ्यात लोखंड गेलं होतं हे आधी सांगा, मशीनच्या चुंबकाने आतला कण हलतो.